वेत्रवतीचा उतार

आईच्या पायांवर सुयशेचं डोकं.

मी सुखात आहे. थोरल्या राणीसाहेब मला धाकट्या बहिणीसारखं वागवतात. तुझा खोकला थांबला का?

परवा महाराजांनी लाडानं विचारलं, "लहानपणी वेत्रवती नदी कुठून ओलांडायचीस?" मी हरखून उंबराजवळचा उथळ पाण्याचा उतार सांगितला. आज सेनापती म्हणाले, "राणीसाहेब, तुमच्यामुळे हत्तींची सोय झाली."

महाराजांना विचारलं, तर हसले. "अगं वेडे, सासऱ्यांना भेटायला जायचं नको का?"

भेटीला इतके हत्ती लागतात का गं? माझ्या लग्नानं दोन्ही राज्यांचं वैर मिटलं ना? मला काहीच कळेनासं झालंय.

बाबांना सांग, उतारावर पहारा बसवा. आणि महाराज खरंच भेटीला आले, तर जावयाला ओवाळायला तूही तिथेच उभी राहा.

तुझी, आणि महाराजांचीही,
सुयशा