आतली कडी

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारची भांडी आवरली की तुझ्याशीच बोलावंसं वाटतं. मी लातुरात क्लासच्या मुलींना ठेवून घेते. वर त्यांच्या खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि मी. इथे गल्लोगल्ली डॉक्टर बनवायचे क्लास निघालेत. आईबाप पोरी आणून सोडतात आणि निकालाच्या दिवशी न्यायला येतात. तू म्हणाली असतीस, "पोरी हायत का पापड, उन्हात टाकले की वाळले?" माझं बरं चाललंय, असं मी सगळ्यांना सांगते.

भूकंपाच्या आधी कितीतरी महिने आपल्या गावात भुई गुरगुरायची. मांडणीवरची भांडी वाजायची. आधी सगळे बाहेर झोपले, मग कंटाळून आत आले. शेजारची काकू हसायची, "रोजचंच हाय की." ज्या पहाटे गाव पडलं, तेव्हा तिच्या दाराला आतून कडी होती. तू धक्के देतेयस, मी तुझा पदर धरून उभी आहे, आतून तिचा आवाज येतोय, आणि मग येत नाही. पुढे पत्र्याच्या शेडमध्येही तू कडी लावू दिली नाहीस. एकदा मी रागाने लावली, तर थोबाडीत दिलीस. "सवय लागली की घात झालाच म्हणून समज," म्हणालीस आणि तूच रडत बसलीस.

या महिन्यात भोकरच्या एका मुलीचा क्लासला नेलेला डबा जड परत येऊ लागला. उचलला की हाताला कळतं. विचारलं तर म्हणे, "काही न्हाई काकू, भूकच न्हाई." तिच्या वडिलांना फोन केला. "परीक्षा झाली की ठीक होईल मॅडम, रोजचंच हाय तिचं." मी फोन ठेवला. तशीच वर गेले. भरदुपारी आतून कडी. हाका मारल्या, कडी निघेना. मग मी तुझ्यासारखेच दाराला धक्के देऊ लागले, नाव घेऊन ओरडू लागले. फार वेळाने कडी वाजली. पोर पांढरीफटक. "काकू, मला कुठंच असू नये असं वाटायलंय," एवढंच बोलली. तिला पोटाशी धरलं. वडिलांना बोलावून घेतलं, दोघांना घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी सुतार लावून वरच्या सगळ्या आतल्या कड्या काढल्या, बाहेरूनही उघडतील अशी कुलपं बसवली.

वडिलांबरोबर गावी निघताना ती दारात थबकली. "काकू, तुमी कवा जेवता? मी कधी बघितलंच न्हाई."

मी हसले. म्हटलं, "काही नाही गं, सवय झालीय."

हे लिहिलेलं कुठे पाठवणार, आई? ठेवून देईन डब्यांच्या फळीवर. जाताना सुतार विचारत होता, तुमच्या खालच्या खोलीची आतली कडी राहिली, काढू का. मी म्हटलं, राहू दे. आत्ता ती लावूनच लिहितेय.