काळी खिडकी आणि चक्कीचं मागचं दार

बाबा, आज तुमच्यावरच राग काढायचा आहे. ज्यांच्यावर काढायला हवा ते माझे मुख्याध्यापक आहेत, आणि उद्या सकाळी पुन्हा त्यांच्याच समोर बसून हजेरीची सही करायची आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर कितीही चिडलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

मी मोताळ्याकडच्या एका शाळेत शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. शाळेला मुलांसाठी म्हणून कॉम्प्युटर मिळाले आहेत. मुलांसाठी म्हणजे कसे, तर दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागतं, एरवी त्यांच्यावर फुलाफुलांची चादर असते, आणि कीबोर्डवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. काढू का विचारलं तर सर म्हणतात, "राहू द्या ना मॅडम, नवंच्या नवं राह्यते." मुलांची बोटं प्लास्टिकवरून घसरतात, पण वस्तू नवी आहे ना! त्यात चित्रं रंगवायची, गणिताचे खेळ खेळायचे आणि उठायचं, एवढीच मुलांना परवानगी. पण त्याच कॉम्प्युटरात एक काळी खिडकी आहे. तिच्यात चित्र नाही, बटण नाही. आपण शब्दांत हुकूम लिहायचा आणि यंत्राने तो पाळायचा. अक्षर चुकलं तर ऐकत नाही, बरोबर लिहिलं तर काहीही ऐकतं. पुसून टाक म्हटलं की खरंच पुसून टाकतं. ती खिडकी मी मुलांना उघडून दिली. कुणाला विचारलं नाही. मला आपल्या पिठाच्या चक्कीवर बसवताना तुम्ही तरी कुणाला विचारलं होतं?

मी लहान आहे, चक्कीचा पट्टा फटफट वाजतो आहे, माझ्या पापण्यांवर पीठ बसलं आहे. दोन दगडांमधलं अंतर कमीजास्त करायचं ते छोटं चाक तुम्ही माझ्या हाती दिलं आहे आणि खाली पडणारं पीठ चिमटीत धरायला सांगितलं आहे. "डोयानं नको पाहू, बोटाले इचार." मी बोटाला विचारत बसते, वरची ज्वारी संपलेली मला दिसत नाही, आणि रिकामे दगड एकमेकांवर घासतात. तो जळका वास आजही नाकात आहे. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया तशाच परत गेल्या. जाता जाता एक म्हणालीच, "पोरीच्या हाती काऊन दिलं हो?" तुम्ही म्हणालात, "हात लावल्याबिगर तिले कयन कसं?" मग वरचा दगड उतरवलात आणि छिन्नी-हातोडी माझ्यापुढे ठेवलीत. "बिघडवलं तूनं, आता टाके बी तूच घाल." संध्याकाळपर्यंत मी तुमच्या शेजारी बसून रडत रडत दगडाला टाके घालत होते, घासून गुळगुळीत झालेल्या खाचा पुन्हा पाडत होते. त्या दिवशी मला चक्की कळली.

आता आमच्या शाळेत काय झालं ते ऐका. सहावीतल्या एका मुलीला मी एका कॉम्प्युटरवर बसून दुसरा बंद करायचा हुकूम शिकवला होता. केंद्रप्रमुख आले, सर त्यांना मोठ्या ऐटीत कॉम्प्युटर दाखवायला लागले, आणि सरांचा पडदा गेला. सरांनी पुन्हा चालू केला, पुन्हा गेला. "व्हायरस आला वाटते," सर म्हणाले. तेव्हा ती मागून उठली. "सर, व्हायरस नाही, म्या बंद केला." मला इतका आनंद झाला की तो लपवायला खिडकीबाहेर पाहावं लागलं. पण बाबा, 'तू हे कसं केलंस?' एवढं तिला एकानेही विचारलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

साहेब गेल्यावर सरांनी मला बोलावलं. "मॅडम, ते कायं खिडकीचं बंद करून टाका. पोरायच्या हाती अशी चीज कोनी देते काय? उद्या सगळं उडालं म्हंजे?"

मी म्हटलं, "उडालं तर पुन्हा बसवू सर. त्यांनाच बसवायला शिकवते."

"काऊन ताप करून घेता? चित्रं काढू द्या ना त्याइले."

मी काळी खिडकी बंद केली. सगळ्या कॉम्प्युटरवर तिचे पासवर्ड बदलले, वर्गाच्या खिडकीजवळचा एक सोडून. तो तसाच ठेवला आणि कुणाजवळ बोलले नाही. मनात म्हटलं, पोरगी हुशार आहे, शोधून काढेल. ती रोज नेमकी त्याच कॉम्प्युटरवर बसते आणि फुलं रंगवते. काल राहवलं नाही, विचारलं, "काय गं, दुसरं काही करून पाहत नाहीस?" तर म्हणते, "सरनं नाही म्हटलं ना मॅडम." ज्या मुलीने सरांचा पडदा दोनदा घालवला ती पाकळ्यांत गुलाबी रंग भरत बसली आहे! तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

आणि मग तुमचा राग आला. कारण मी मोठी व्हायला लागले तेव्हा तुम्हीही मला तेच म्हणालात, "आता चक्कीवर नको येत जाऊ, लोकं पाह्यतात." ज्या दगडांना मी टाके घातले ते तुम्ही पुढे दादाच्या हवाली केले. त्याने कधी बोटाला विचारलं नाही, आणि चक्की बंद पडली. हे मला फार लागलं बाबा, अजून लागतं. पण कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मला नको म्हटल्यानंतरही दुपारी जेवायला घरी येताना तुम्ही चक्कीच्या पुढच्या दाराला कुलूप घालायचात, आणि मागच्या दाराची कडी मात्र नुसती लोंबत असायची. शाळेतून येताना मला ती दिसायची. मी त्याला तुमचा विसरभोळेपणा समजत होते. पण दुसऱ्याच्या दळणाचा चिमूटभर कोंडाही न विसरणारा माणूस रोज कडी विसरेल? आणि माझ्यासाठी मुद्दाम ठेवली असेल, तर एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? तोंडात काय पीठ भरलं होतं?

उद्या परिपाठ संपला की त्या मुलीला खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी नेऊन स्पष्ट सांगणार आहे, की बाई गं, हा उघडा आहे, बस. सरांना कळलं तर कळू दे. तिने आपण होऊन ओळखावं म्हणून वाट बघत बसणार नाही.

हे पत्र कपाटात राहील, दुसरीकडे कुठे जाणार? एक मात्र कबूल करते. ते मागचं दार खरोखर उघडं होतं की आतून बंद होतं, मला माहीत नाही. मी एकदाही ढकलून पाहिलं नाही.