जावयाची रजा

वळसंग,
गुरुवार, १२ जून २०२५

अभिमन्यू,

प्रिय लिहायला हात उठला नाही, म्हणून नुसतं नाव. चारचौघांत अहो म्हणते, इथे तू म्हणणार आहे. लेक बरी आहे, मी बरी आहे, आईची कंबर धरली आहे. तुझ्याकडे सगळे ठीक असतील असं धरून चालते. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

काल तुझ्या बँकेतल्या राजश्री मॅडम बाळाला बघायला आल्या होत्या. झबलं-टोपडं आणलं होतं. आईला म्हणाल्या, "नशीब काढलं हो पोरीनं! बाळासाठी रजा घेणारा आमच्या शाखेतला पहिला पुरुष आहे तुमचा जावई." मग मोबाइलवर तुझ्या सत्काराचा फोटो दाखवला. शाल, श्रीफळ आणि मागे फलकावर 'समानतेचा आदर्श'. चहा ओतता ओतता आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो ना, फार करतात." तुझी अब्रू मी झाकली. पुन्हा झाकणार नाही.

त्या रजेचं काय झालं ते मी आजवर अर्धंच सांगत आले. डिसेंबरात मी दवाखान्यातून माहेरी आले आणि पाठोपाठ तू बॅग घेऊन आलास, पंधरा दिवस राहतो म्हणून. जेवणं झाली आणि बाबा म्हणाले, "पावनं, उन्हं हायती तवर निघा. बाळंतिणीच्या घरात जावई मुक्काम करत न्हाईत. गाव हसतंय." तू लगेच निघालास. बाबांनी घालवलं, त्याचा बिचाऱ्याचा काय दोष, असंच मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या आईलाही.

तू फाट्यावर पोचायच्या आत मी बाबांशी भांडले होते. जन्मात पहिल्यांदा. टाके ओढत होते, नीट उठवत नव्हतं, तरी ओरडले, की त्याची रजा बाळासाठी आहे, राहू द्या त्याला. बाबा उठून दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, "बरं, बोलीव त्याला. वसरीवर हातरूण टाकू. हसंना का गाव!" मी घाईघाईने तुला फोन लावला. तू म्हणालास, "नको गं, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल." आणि फोन बंद करायला विसरलास. तुझ्या क्रिकेटच्या टीममधला सिद्धेश्वर गाडी घेऊन तुला न्यायला आला होता. जेवणाआधीच बोलावलं असणार त्याला. "सुटलो बाबा, उद्या ओपनिंगला मीच," असं त्याला म्हणून तू हसलास. ते मी ऐकलं.

पुढे मला ताप भरला, छातीत गाठी झाल्या, दूध उतरेना, लेक रडून रडून निळी व्हायची. त्याच आठवड्यात सिद्धेश्वरच्या स्टेटसला तू चषक उंचावून उभा होतास. मी कोणाला दाखवलं नाही. राग आलाच, पण त्याहून लाज वाटली, की बापाशी भांडून जागा करून घेतली ती कोणासाठी!

आणि आता तुझा निरोप, की माझी रजा मी घेतली, आता तुझं तू बघ, कंडक्टरकी सोड, तिकिटं फाडायला कोणीही मिळेल. सातवा महिना लागेपर्यंत अक्कलकोटच्या गाडीत उभी राहून मी ही नोकरी टिकवली आहे. तुझ्या सोयीसाठी ती सोडणार नाही.

सोमवारी मी डेपोत हजर होते आहे. रविवारी लेकीला घेऊन घरी येईन. बरोबर बाबा असतील. लेकीच्या घरी मुक्काम करायची त्यांना केवढी लाज, तुला माहीत आहे. पारावरची माणसं आत्ताच हसायला लागलीत, रावजी म्हातारपणी दुपटी धुतोय म्हणून. बाबा म्हणतात, "हसू दे की. गाव हसंल म्हनून जावयाला घालवला, लई मोठी चूक केली." त्यांना अजून लंगोट धड बांधता येत नाही. अर्धं दूध अंगावर सांडतात. पण करतात.

ते कायमचे येत नाहीत. तुझा हात बसेपर्यंत राहतील. पुढे पाळणाघर बघू, पण तिथे पोचवणं, आणणं आणि मी मुक्कामी गाडीवर असेन तेव्हा तिला सांभाळणं तुझ्याकडे. हे पत्र आजच्याच गाडीने पाठवते आहे, जमणार नसेल तर शनिवारपर्यंत कळव. डेपोतल्या माझ्या मैत्रिणीने, धनलक्ष्मीने, तिच्या घरावरची खोली आम्हा तिघांसाठी झाडून ठेवली आहे.

एक सांगून ठेवते. लेक तुला बघून रडेल. अनोळखी माणसाला बघून ती रडतेच. तेव्हा तिला बाबांकडे देऊ नकोस.

तुझी म्हणायचं की नाही ते अजून न ठरवलेली,
शुभदा