आपल्या नावावरची फटफटी

रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटे. स्पार्क प्लग पॉलिश पेपरने घासत असताना.

तीर्थस्वरूप अण्णासाहेब मामा यांना हरिओमचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? इकडे राजूरला सगळे बरे आहेत. (हात दोनदा धुतले, तरी आपल्या नावाशेजारी ऑईलचे बोट उमटलेच. तो अनादर समजू नये.)

पत्रास कारण ती गाडी. आपल्या आणि बेबीनंदा आत्याच्या लग्नात आजोबांनी दिलेली पन्नास सीसीची फटफटी. मोठी गाडी कबूल झाली होती असे आपले म्हणणे, आणि नुसती ‘गाडी’ म्हटले होते असे आजोबांचे. त्यात मी पडत नाही (तेव्हा माझा जन्म नव्हता). आपण ती मांडवातच सोडून वऱ्हाडाच्या टेम्पोत बसलात आणि आजोबांनी ती गोठ्यात नेऊन पोत्यांनी झाकली. घरात कोणी बसायला गेले की ते ओरडत, “जावयाची हाय ती! न्यायला आले तर काय दाखवू?” दसऱ्याला तेवढी पोती निघत. आजोबा धोतराच्या सोग्याने टाकी पुसत, झेंडूची माळ घालत आणि एक किक मारत. त्या निळ्या धुराचा वास मला अजून दसऱ्याचाच वाटतो. दोन मिनिटे फटफट होई, तेवढा वेळ आजोबा आपल्या परतूरच्या रस्त्याकडे बघत, मग बंद करून पुन्हा झाकत. ते गेल्यापासून चार दसरे किक मीच मारतो आहे. (रस्त्याकडेही बघतो, सवयीने.)

पुढच्या महिन्यापासून मला जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या कंपनीत ड्युटी आहे. त्यासाठी नवी गाडी पाहिजे, आणि तिच्या पहिल्या भरण्याला पैसे. अशात संभाजीनगरचे सुमित म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन आले. पोते काढताच ते खाली मातीत बसले. “भाऊ, हिची तर हळदबी उतरली न्हाई!” बावीस हजारांत ठरले. त्यांनी तीन हजार इसार दिला, त्यातला बराचसा मी गाडी चालती करण्यात घातला. मग आरटीओच्या एजंटाने कागद उघडले आणि मालकाच्या नावावर बोट ठेवले. मालक आपण. आजोबांनी गाडी पहिल्या दिवशीच आपल्या नावावर केली होती आणि घरात कोणाला सांगितलेही नव्हते.

हे केवळ आठवण म्हणून कळवले. मागणे काहीच नाही. गुडघ्याला जपावे.

आपला,
हरिओम

ता. क. सोबत फॉर्म आहे. पेन्सिलने फुली केलेल्या तीन जागी सही करून शनिवारच्या आत पाठवावा. नाहीतर इसार परत द्यावा लागेल, आणि तो टायरमध्ये गेला आहे.

ता. क. दुसरा, ९ वाजून २५ मिनिटे. कालपासून इथे असलेल्या बेबीनंदा आत्यांनी हे पत्र वाचले. “गाडी तुझ्या मामाच्या नावावर, मंग इकून कोन राह्यलं? तू?” असे म्हणून फॉर्म फाडला. मी म्हणालो, मामा ती घेणार नाहीत. “त्याह्यला कोन इचारून राह्यलं? मी नेऊन राह्यले.” पहिल्याच किकेला सुरू करून त्या गणपतीच्या कमानीपर्यंत जाऊन आल्या. कधी शिकलात विचारले तर म्हणाल्या, “दर दिवाळीला. बाबांनीच शिकवलं. तुझ्या मामाला सांगू नको म्हनले.” (हे वाक्य आपण वाचले नाही असे समजावे.)

पत्र आत्यांजवळच देत आहे. ताशी तीसचा वेग, प्लग तापला की वीस मिनिटे थांबणे. तीन-साडेतीनपर्यंत आवाज येईल. दारात जागा ठेवावी. ड्युटीला मी सध्या टेम्पोने जाईन.

इसार मिळाला ३०००. खर्च: टायर-ट्यूब १३५०, कार्ब्युरेटरचे सामान ४८०, केबल १६०, पेट्रोल-ऑईल ३१०, एकूण २३००. शिल्लक ७००. आत्यांनी दिले २०००. सुमित यांना देणे ३०००. कमी पडतात ३००. तेवढे आत्यांजवळ द्यावेत; गाडी पोचल्याची पोच म्हणून लिहून ठेवीन.