तांबडीची छाती थंड नव्हती

उस्ताद, परवा शाळेच्या माजी विद्यार्थिनींची स्मरणिका टपालानं घरी आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि कुणा बाईंचा घोडेस्वारीच्या दिवसांवर लेख. ही बाई रिकिबीत पाय घालतानासुद्धा रडायची, मला चांगली आठवते. त्या लेखात तुमच्या वाट्याला एक वाक्य आलंय. ‘वयोमानामुळे प्रशिक्षकांच्या हातून हेळसांड झाली, एक घोडी दगावली आणि घोडेस्वारी बंद पडली.’ वयोमानामुळे! तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हता. आणि हेळसांड हा शब्द तुमच्याबद्दल? मी ते पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवलं, सगळ्यांवर ओरडले, सुनेनं ब्लडप्रेशरची गोळी पुढं केली तर तिच्यावरही ओरडले. पण हा राग कितीही खरा असला तरी त्यानं माझी सुटका होत नाही. ती घोडी माझ्यामुळे मेली. तुम्हाला हे कधी कळलं नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता खूप वर्षं झाली.

पाचगणीच्या खालच्या अंगाला तुमची पागा होती. पत्र्याची शेड, सहा घोडी, आणि पुढं तुम्ही स्वतः दगड वेचून साफ केलेलं मैदान. मेढ्याकडच्या गावातून फौजेत गेलात, तिथं घोड्यांवर वर्षं काढलीत आणि परत येऊन ही शाळा उभी केलीत. बुधवारी आणि शनिवारी आम्ही कॉन्व्हेंटच्या मुली रांगेनं यायचो, मागं छत्री घेतलेल्या सिस्टर. एकदा सिस्टर म्हणाल्या होत्या, मुलींसमोर इंग्रजीत बोलत जा. तुम्ही टोपी काढून अदबीनं म्हणालात, “घोड्यास्नी इंग्रजी येत न्हाई, सिस्टर. आन मी बी त्यांच्यातलाच.” आम्ही हसू दाबून दाबून लाल झालो. मग तुम्ही आमच्याकडं वळून दरडावलंत, “दात काय काढताय? टाच खाली, नजर म्होरं!” सांगलीहून वडिलांच्या हळदीच्या पेढीवरच्या माणसासोबत आलेली मी, घरच्यांची लाडकी, कुणाचं न ऐकणारी. माझी टाच कायम वर असायची. तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाहीत. “ए सांगली, टाच!” एवढंच.

तुमची एक रीत होती, आणि ती मोडलेली तुम्हाला खपत नसे. घोडा रपेटीवरून परत आला की खोगिराचा तंग दोन भोकं सैल करायचा आणि हातात लगाम धरून त्याला चालवायचं, वीस मिनिटं, कधी जास्त. तोवर पाणी नाही, चंदी नाही. मग तुम्ही येणार आणि पुढच्या दोन पायांच्या मधे छातीला तळहात लावणार. छाती गरम लागली की, “अजून फिरव.” थंड लागली की स्वतः हरभऱ्याची चंदी पुढं ठेवणार. गरम अंगात दाणापाणी पोटात गेलं की घोड्याचं पोट धरतं, आणि घोड्याला तर ओकताही येत नाही, हे तुम्ही आम्हाला इतक्या वेळा सांगितलंत की आम्ही तुमची नक्कल करायचो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. तुमचा तळहात म्हणजे शेवटचा शब्द.

त्या शनिवारी धुकं होतं. पुढच्या रविवारी माझे वडील बघायला येणार होते आणि मला त्यांच्यासमोर तांबडीला, मला नेहमी मिळणाऱ्या घोडीला, भरधाव न्यायचं होतं. मैदानापुढच्या वाटेवर तुम्ही मला फक्त दुडकी चाल दिली होती. “वळणापर्यंत जायाचं आन फिरायचं. चौखूर उधळलीस तर बघ.” वळणापलीकडं धुक्यात तुम्हाला मी दिसणार नव्हते. मी टाच मारली. अजून आठवतं, कानात नुसता वारा, आणि ती म्हातारी होत आलेली घोडी माझ्यासाठी धावतेय. दोनदा, तीनदा. परत आले तेव्हा तिच्या तोंडाला फेस होता. तो मी फ्रॉकनं पुसला. तिकडं सिस्टर निघायची घाई करत होत्या. वीस मिनिटं फिरवत बसले असते तर उशीर का झाला, गरम का आहे, सगळं निघालं असतं. शेडमागं हौद होता. मी बादली भरून घेतली आणि ते बर्फासारखं पाणी तांबडीच्या छातीवर ओतलं, पुन्हा ओतलं. धुक्यानं सगळीच घोडी ओली होती, कुणाला संशय येणार नव्हता. तुम्ही आलात, तळहात लावलात, क्षणभर थांबलात. मला वाटलं, कळलं. पण तुम्ही म्हणालात, “थंड हाय. शाबास, सांगली.” तुमची तेवढी एकच शाबासकी मला मिळाली. मग तुम्ही तिच्यापुढं चंदी ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सिस्टरांनी आम्हाला पागेवर नेलं. तांबडी पोत्यांखाली झाकलेली होती. तुमचे डोळे सुजलेले, पण कपडे इस्त्रीचे. सिस्टरांनी विचारलं, कुणाकडून काही चूक झाली का? तेव्हा मी बोलू शकले असते. तुम्ही मला वेळच दिला नाहीत, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तुम्ही भरपूर वेळ उभे होतात. मग म्हणालात, “पोरींची चूक न्हाई. हात म्या लावला, मला थंड लागली. माझा हात चुकला.” शाळेनं मुली पाठवणं बंद केलं. बाकीची घोडी टेबललँडवर पर्यटकांना फिरवायला गेली, आणि तुम्ही गावी. मी मात्र शिकले, साताऱ्यात प्राध्यापिका झाले, आणि परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरींना अशी झापायचे की त्या रस्त्यात मला बघून गल्ली बदलत.

साताऱ्याच्या स्टँडवर तुम्ही भेटलात ते त्याच काळात. मीच ओळखलं. तुम्ही थोडं न्याहाळलंत आणि हसलात, “तू सांगली न्हवं? आता तरी टाच खाली ऱ्हाती का?” आपण बाकावर बसलो. मी घोड्यांबद्दल विचारलं. तुम्ही उजवा तळहात उलटसुलट करून बघितलात, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. “त्या दिसापासनं ह्याच्यावर भरवसा न्हाई ऱ्हायला बघ. नातवाचं अंग गरम लागलं तर बायकोला हाक मारतो. म्हनतो, तू बघ, माझं काय खरं न्हाई.” तुम्ही ते गमतीनं सांगितलंत. माझ्या ओठावर आलं होतं. मेढ्याची गाडी लागली, तुम्ही उठलात, “येतो गं पोरी,” म्हणालात, आणि मी हात हलवला.

तुमचा हात चुकला नव्हता, उस्ताद. त्यानं जे होतं तेच सांगितलं. कातडी खरंच थंड होती, आत घोडी पेटलेली होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

काल मी स्मरणिकेच्या संपादिकेला फोन केला. माझ्यापेक्षा बरीच लहान आहे. मी तिला तासलं. म्हटलं, मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना चौकशी करावी, पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, त्यांची काही चूक नव्हती. ती बिचारी वही घेऊन बसली असावी. म्हणाली, “छापते ना, मॅम. फक्त सांगा, हे तुम्हाला कसं माहीत? तुम्ही होतात तिथे?”

मी म्हणाले, “नाही. ऐकलंय मी.”