पेटीतली कार्डं

१४ सप्टेंबर १९९६, शनिवार, टल्सा
एकतीस! डॅडींच्या चर्चमध्ये आज एकतीस जण पुढे आले. शेवटच्या गाण्याआधी गार्लंडनं गिटार खाली ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाला, "डोळे मिटा. ज्याला येशूला जीवन द्यायचंय त्यानं पुढे यावं." आमचा बँड नऊ वर्षं हेच करतोय. येईल तो नाव-पत्त्याचं कार्ड भरून पेटीत टाकतो, आणि मी प्रत्येकाला हातानं पत्र लिहिते. आठ दिवसांच्या आत. नियम माझाच. नवऱ्याचा, गार्लंडचा आवाज, माझा कीबोर्ड, माझी पत्रं — असा आमचा संसार.

१५ सप्टेंबर
हा माणूस विकला गेला. उपासनेहून परतताना गाडीत सांगतो — एका बड्या रॉक बँडबरोबर दौरा, वीस शहरं, त्यांच्या आधी अर्धा तास आम्ही. अट एकच. स्टेजवरून उपदेश नाही, लोकांना पुढे बोलावणं नाही.
"मग नाही म्हणालास ना?"
"सही केली, मेल्वा."
मला न विचारता! पेटी गॅरेजमध्ये नेऊन आपटली. दुकान मांडायचंय ना, खुशाल मांड. पत्रं लिहायला मी रिकामी नाही.

१८ सप्टेंबर
डॅडींनी चर्चच्या दुकानातून आमच्या सीडी काढून टाकल्या. सख्ख्या जावयाच्या. वर मलाच ऐकवतात, "तुझा नवरा देवाला गाडीत बसवून एकटाच आत गेला." गार्लंडची बाजू मी घेतली नाही. पण डॅडींचाही राग आला. मी चौदा वर्षांची असताना याच माणसानं माझ्या रॉकच्या कॅसेटी चर्चच्या आवारात जाळल्या होत्या. पुढे रॉक ऐकून पोरं चर्चला यायला लागली, तेव्हा स्वतः ॲम्प्लिफायर घेऊन आले.

२ ऑक्टोबर, कॅन्सस सिटी
बारा हजार लोक. सगळीकडे बिअरचा वास. शेवटच्या गाण्याआधीची ती जागा आली. ज्या सुरांवर तो बोलतो, ते मी मुद्दाम धरून ठेवले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सरळ गाणं सुरू केलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली उतरल्यावर म्हटलं, "शिष्य पेत्रानं प्रभूला नाकारलं ते अंगणात, चार माणसांत. तू बारा हजारांपुढे." तर म्हणतो, "आज कितीतरी वर्षांनी मोकळेपणानं गायलो." निर्लज्ज.

५ ऑक्टोबर
बोलत नाही त्याच्याशी.

९ ऑक्टोबर, ओमाहा
धाकटा दीर लाइल — आमचा ड्रमवाला — नाश्त्याला म्हणाला, "वहिनी, जरा दमानं घ्या. तो धड जेवत नाहीये."
"पचत नसेल."
गार्लंड समोरच बसला होता. अंड्याशी चाळा करत म्हणाला, "मला काय वाटतं, ते कधी विचारलंस?"
"वाटायचं काय त्यात? विश्वास असतो नाहीतर नसतो."
त्यानं ताट बाजूला सारलं. मग विचारतो, "टल्साच्या कार्डांना उत्तरं गेली का?"
म्हटलं, तुला काय करायचंय त्या कार्डांशी? तू आपली गाणी विक.

१३ ऑक्टोबर, टल्सा
चार दिवस सुट्टी. आज डॅडींनी उपदेशात नाव न घेता गार्लंडला धू धू धुतलं. तो दुसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.
घरी आल्यावर मात्र ती एकतीस माणसं आठवली. त्यांनी माझं काय घोडं मारलंय? उद्या पेटी काढते.

१४ ऑक्टोबर
कार्डं बत्तीस निघाली.
शेवटच्यावर नाव नाही. अक्षर मी झोपेतही ओळखेन. चौकटी तीन असतात — पहिल्यांदाच स्वीकारतो, परत येतो, शंका आहेत म्हणून कोणाशी तरी बोलायचंय. खूण तिसरीवर. पत्ता आमचा.
तारीख १४ सप्टेंबर. महिना झाला.
तो बाहेर गवत कापतोय. मी कागद घेऊन बसलेय. 'प्रिय' एवढंच लिहून झालंय.