कृष्णातच्या नावाचा गॅस

।। श्री ।।

करंजे, सातारा
ता. ९ ऑगस्ट १९७६

चि. अंजना हिस,

तुझ्या सासूचे, अंबूबाईचे, अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. तुझ्या मामंजींचा गुडघा पावसाळ्यात धरतो, तरी कारखान्याच्या गेटावरची ड्यूटी चुकवत नाहीत. फौजेतून सुटून इतकी वर्षं झाली, अजून कुणी बघत असल्यासारखे ताठ चालतात. तुझ्या बालवाडीतली पोरं कशी आहेत? तुझ्या भावाचं, वहिनीचं कसं चाललं आहे, सविस्तर लिही.

पत्राला कारण म्हणजे आपला गॅसचा नंबर लागला. मागच्या आठवड्यात पोस्टमन कार्ड देऊन गेला. वर नाव कृष्णातचं. श्री. कृष्णात लालासाहेब निकम, असं सगळं नीट टाइप केलेलं. मी ते देवापुढच्या फळीवर ठेवलं आणि कामाला लागले. मामंजी संध्याकाळी आले, त्यांनी चपला न काढताच वाचलं.

म्हणाले, "पोरगा लढाईत गेल्यालं ह्यास्नी ठावं न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "गॅसवाल्यास्नी कोण सांगायला गेलं हुतं?"

तुला आठवत असेल. त्याची ती शेवटची रजा. बाभळीचं लाकूड ओलं होतं, तू पदरानं डोळे पुसत भाकरी थापत होतीस आणि हा दारात उभा. "आई, हिचं डोळं जातील अशानं. साताऱ्यात गॅस येणार म्हणत्यात, मी नाव घालून येतो." आम्ही दोघी हसलो होतो त्याला. तरी सायकल काढून गेलाच.

असो. मी दुसऱ्या दिवशी एजन्सीत गेले. तिथला माणूस चांगला आहे. खरं ते सांगितल्यावर उभा राहिला. म्हणाला, नाव बदलून घेता येईल, पण कागदावर पत्नीची सही लागेल, ती महिनाभरात व्हावी. शेगडी मात्र आपली आपण दुकानातून बघून घ्यायची.

म्हणून पेठेत महंमदभाईंच्या दुकानी गेले. दोन शेगड्या मनात भरल्या. एक स्टीलची, तोंड दिसेल अशी चकचकीत. दुसरी साधी, साईच्या रंगाची, पण तिचा बर्नर पितळी, चांगला रुंद. मी विचारलं, "ह्यावर भाकरी फुगती का?" ते म्हणाले, "फुगती की." मी म्हटलं, "बघितल्याबगार कसं घ्यायचं?" आणि दुसऱ्या दिवशी शाळूचं पीठ डब्यात बांधून, आपला बिडाचा तवा पिशवीत घालून परत गेले. महंमदभाई बघतच राहिले. "बाई, गिऱ्हाईक चकाकी बघून नेतंय. पीठ घिऊन कोण आलं न्हाई अजून."

दुकानामागंच त्यांचं घर. त्यांची बायको हुसेनबी मोठी मोकळी बाई आहे. तिनं मला आत ओढून नेलं. दोन्ही शेगड्या मांडल्या. मला तर चावीला हात लावायची भीती. ती म्हणाली, "आदी काडी, मग चावी. उलटं केलं की भडका. यवढंच ध्यानात ठेवा, भिऊ नगा." स्टीलच्या शेगडीवर आपला तवा डुगडुगायला लागला आणि भाकरी मधे करपली, कडेला कच्ची. पितळी बर्नरवर जाळ सगळीकडं सारखा पसरला. तवा उतरवून भाकरी जाळावर धरली, तर अशी टम्म फुगली की हुसेनबीनं टाळी वाजवली. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. दोघींनी तिथंच ठेचा लावून खाल्ली.

तेव्हा माझं मत पितळी बर्नरचं. पण वापरणार तू, म्हणून तुला विचारते. म्हणजे वापरणार मीच, पण तू आल्यावर तुझ्या हाताला सोयीची हवी. तुझी खोली झाडून ठेवली आहे. बालवाड्या काय, साताऱ्यातही आहेत. मी आपलं सहज लिहिते.

मधे तुमच्या शेजारची रंगुबाई सांगलीहून इथं एका लग्नाला आली होती. तुमच्याकडचं काहीबाही बोलत होती. तिचं बोलणं मी मनावर घेत नाही. तू सहीला कधी येतेस ते कळव.

तुझी,
आत्याबाई


सांगली
ता. १६ ऑगस्ट १९७६

ती. सौ. आत्याबाई आणि ती. मामंजी यांना,

अंजनाचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र पोचलं. तुम्ही पीठ घेऊन दुकानात गेलात ते वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला हसू आवरेना. मलाही हसू आलं, पण त्या शेवटच्या रजेपर्यंत आले आणि पुढचं वाचवेना. वहिनीनं कागद हातातून घेतला.

शेगडी पितळी बर्नरचीच घ्या. तुम्ही हातानं करून बघितलीत, त्यावर मी काय सांगणार? गॅस मामंजींच्या नावावर करून घ्या. मला रजा मिळणं अवघड आहे. काय लिहून द्यायचं ते कळवा, मी इथून पोस्टानं पाठवते.

आत्याबाई, रजेचं कारण खरं नाही. मागितली तर मिळेल.

रंगुमावशी जे बोलल्या ते खरं आहे. जोतिबा म्हणून आहेत. पाणीपुरवठ्यात नदीकाठच्या पंपावर काम करतात. दादाच्या ओळखीचे. त्यांच्या आईच्या आजारपणात त्यांचं लग्न राहून गेलं, आता आई नाही. माणूस कमी बोलणारा आहे. दादानं मला त्यांच्याशी लग्नाचं विचारलं, मी पुष्कळ दिवस नाहीच म्हणत होते. मग एकदा तेच घरी आले आणि दादासमोरच म्हणाले, "तुमी आदी साताऱ्याला इचारा. त्यांच्या मनात नसंल तर माजं काय म्हननं न्हाई. पर इचारल्याबगार हू म्हनू नगा." तेव्हापासून पत्र लिहायला बसते आणि पोरांच्या गोष्टी लिहून थांबते. मागची माझी तिन्ही पत्रं तशीच होती.

तेवढ्यात तुमचं सहीचं पत्र आलं. त्या कागदावर 'कृष्णात निकम यांची पत्नी' असं लिहायचं. मनात हे असताना लिहिलं, तर तुम्हा दोघांना फसवल्यासारखं होईल. आणि नाही लिहिलं, तर त्यांनाच नाकारल्यासारखं. त्यांनी माझ्या डोळ्यांसाठी नाव घातलं होतं. मला दोन्ही होत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर मी आहे तशी राहीन, मनात राग ठेवणार नाही. मामंजींना हे कसं सांगावं ते मला कळत नाही. ते तुमच्यावर टाकते आहे, पोटात घाला.

तुमची,
अंजना


करंजे, सातारा
ता. २५ ऑगस्ट १९७६

चि. अंजना हिस,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. पत्र वाचलं त्या दिवशी माझ्या हातून काही काम झालं नाही. शेजारच्या चंद्राबाईनं विचारलं, "काय वं, बरं न्हाई व्हय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आता लपवून काय करू? मी शेगडी बघत फिरले ती तू परत यावीस म्हणून. वाटलं, धूर गेला, घरात सोय झाली की तू येशील आणि मग राहशील. हे लिहायची लाज वाटली म्हणून तव्याचं आणि भाकरीचं लिहिलं. रंगुबाईचं बोलणं मी मनावर घेतलं होतं, म्हणून तर घाई केली.

रविवारी दुपारी मामंजी शेंगा फोडत बसले होते, तेव्हा सांगितलं. त्यांचे हात थांबले. मग म्हणाले, "म्हंजी आपल्या पोराचं नाव पुसतीया ती."

मी म्हटलं, "आवं, नाव पुसायचं असतं तर गप सही करून मोकळी झाली असती. सही जड जातीया तिला. नाव हाय म्हनूनच जातीया की."

ते उठले, कोट घातला आणि सुट्टी असताना बाहेर पडले. मला वाटलं, आता कराडला, कृष्णातशी तुझं लग्न जुळवलेल्या तुझ्या मामाकडं जाऊन भांडणार. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दिवेलागणीला दारात रिक्षा थांबली. हे पुढं आणि मागं एक भला मोठा खोका. महंमदभाईंना रविवारी घरातून उठवून दुकान उघडायला लावलं होतं. खोका सोडला, तर आपलीच ती साईच्या रंगाची, पितळी बर्नरची. पण दोनाच्या जागी तीन बर्नर.

मी म्हटलं, "दोन मान्सं आपुन. तीन कशाला?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. खोक्यातला पेंढा गोळा करत म्हणाले, "पोरगी नवऱ्यासंगं आली म्हंजी? चहा हिकडं, भाकरी हिकडं, कालवन काय चुलीवर करनार?"

अंजना, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते ऐकत होते, पण आत आले नाहीत. नंतर स्वतःच ओट्यावर शेगडी मांडली. पाय सारखे टेकत नव्हते, खाली पत्र्याचा तुकडा घातला, हलवून बघितली, परत घातला. सिलिंडर अजून यायचा आहे. तरी येताजाता चाव्या फिरवून बघतात.

तेव्हा तू ये. जोतिबांनाही आण. त्यांना सांग, साताऱ्याला विचारलं आणि साताऱ्याचं उत्तर हे असं आहे. ते काय जेवतात, तिखट चालतं का, आधी कळव. मला अजून एकटीनं काडी लावायचा धीर नाही, हुसेनबी येते म्हणाली आहे.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. वाटलं. अजूनही भाकरी थापताना मधेच वाटतं. पण तू तिथं आहे तशी राहिली असतीस, तर त्याहून जास्त वाटलं असतं, हे मला नक्की कळलं.

मामंजींना खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. त्यांनी कधी तुला लिहिलं नव्हतं. माझ्या जागी बसायला ते मागं येऊन उभे आहेत.

तुझी,
आत्याबाई

सौ.ने वर सर्व लिहिले आहेच. एजन्सीचे ऑफिस गुरुवारी बंद असते, त्या हिशेबाने निघावे. एस.टी. स्टँडवर मी स्वतः येईन. कागदावर सही कृष्णातची पत्नी म्हणूनच करावी. त्यात कुणाची फसवणूक नाही. पुढे जे नाव लावाल, त्या नावानेही या पत्त्यावर पत्र येत जावे.

लालासाहेब निकम